निळी रेषा, लाल रेषा

नदीचे पात्र म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पाण्याची धार दिसते तेवढाच पट्टा नव्हे. ती धार, तिच्या दोन्ही अंगांचे काठ आणि काठांपलीकडची, मोठ्या पावसात पाण्याखाली जाणारी सपाट जमीन हे सगळे मिळून नदी होते. या सपाट जमिनीला भूगोलाच्या पुस्तकात पूरमैदान म्हणतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ती मळीची जमीन म्हणून ठाऊक असते. पुरामागून पूर नदी तिथे गाळ टाकत आली, म्हणून ती जमीन कसदार. पण शेतीपलीकडेही तिचे मोठे काम आहे. पुराचे पाणी तिच्यावर पसरले की त्याचा जोर कमी होतो, काही पाणी तिथेच मुरते आणि खालच्या गावांना पूर उशिरा व कमी उंचीने गाठतो. धरण बांधून जे साधायचे, त्यातले बरेचसे हे मैदान फुकट करत असते. अट एकच, त्याला मोकळे ठेवले पाहिजे.

त्या जमिनीवर भराव पडला की काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर दोन मीटर उंचीचा भराव टाकला, तर पुराच्या वेळी तिथे मावणारे जवळपास ८० लाख लिटर पाणी दुसरीकडे जागा शोधते. ते शेजारच्या प्लॉटमध्ये शिरते, समोरच्या काठावर चढते किंवा वरच्या बाजूला फुगते. भराव टाकणाऱ्याचा प्लॉट कोरडा राहतो आणि त्याची किंमत दुसरा कोणी चुकवतो. पूरमैदानातले बांधकाम हा जागेच्या मालकापुरता प्रश्न राहत नाही, तो या कारणाने. म्हणूनच तिथल्या बांधकामावर सार्वजनिक नियंत्रण लागते आणि महाराष्ट्रात या नियंत्रणाचे मुख्य साधन म्हणजे नकाशावरच्या दोन रेषा, एक निळी आणि एक लाल.

निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवते. आखणीचे काम जलसंपदा विभागाचे. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतले जातात, दोन्ही काठांवरच्या जमिनीची पातळी मोजली जाते, वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून किती विसर्ग होऊ शकतो हे पाहिले जाते आणि एवढे पाणी आले तर ते कुठवर चढेल हे संगणकाच्या साहाय्याने काढले जाते. पुण्यातल्या मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या आणि लाल रेषा १ लाख क्युसेकच्या विसर्गावर आधारलेली आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ६० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे १७ लाख लिटर. या रेषा पुढे शहराच्या विकास आराखड्यावर उतरवल्या जातात आणि बांधकाम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर त्या बंधनकारक ठरतात.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र लोकांची मोठी फसगत होते. गेल्या वर्षी पूर आला, आता पंचवीस वर्षे काळजी नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरा अर्थ असा की, दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. गेल्या वर्षी काय झाले याची नदी नोंद ठेवत नाही. निळ्या रेषेच्या काठावर एखाद्याने २० वर्षांच्या गृहकर्जावर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, जवळपास ५६ टक्के भरते. लाल रेषेवरच्या घरासाठीही ती १८ टक्क्यांच्या घरात जाते. घर घेताना पार्किंग, लिफ्ट, पाण्याची टाकी यांची चौकशी होते. हा आकडा मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

दोन रेषांनी नदीकाठच्या जमिनीचे दोन पट्टे पडतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बाग, हिरवळ, उघडा भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, जलवाहिन्या अशाच गोष्टींना मुभा आहे. निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा प्रतिबंधित क्षेत्र. तिथे बांधकाम चालते, पण ते लाल रेषेच्या पातळीपासून किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर असावे लागते. निळ्या रेषेच्या आत आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतींना पुनर्विकासाची वाट आहे, तिलाही हीच उंचीची अट. जमीनमालकाचे पूर्ण नुकसान होऊ नये म्हणून आणखी एक तरतूद आहे. प्लॉटचा काही भाग पूररेषेत आणि उरलेला बाहेर असेल, तर पूररेषेतल्या भागाचा चटई क्षेत्र निर्देशांक बाहेरच्या भागावर वापरता येतो. ही तरतूद शहाणपणाची आहे. नुसती बंदी घातली की मालक पळवाट शोधतो. मोबदला मिळाला की तोच मालक नदीकाठ मोकळा ठेवायला तयार होतो.

यामागचा विचार देशात नवा नाही. केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्येच पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले होते. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये त्यावर कायदा केला. बहुतेक राज्ये मागे राहिली. महाराष्ट्राने जलसंपदा विभागाची परिपत्रके आणि नगररचनेचे नियम अशी दुहेरी वाट धरली. तिचा फायदा असा की पूररेषा थेट बांधकाम परवान्याच्या टेबलापर्यंत पोहोचली. तोटा असा की परवानाच न घेणाऱ्याला ती आडवी येत नाही. सांगलीतली गुंठेवारी हे त्याचे ठळक उदाहरण. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून ते रेखांकनाशिवाय विकले गेले, स्वस्तात जागा मिळते म्हणून हातावर पोट असलेली माणसे तिथे आली आणि २००१ मध्ये अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याने खास कायदाही केला. घराला कायद्याचा कागद मिळाला. जमीन सखल होती ती सखलच राहिली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगलीने या सगळ्याचा अनुभव घेतला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या पुढे चढली. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने स्वतःचाच विक्रम मोडून ५६ फूट ओलांडले. दोन्ही शहरांत पाण्याचा चढण्याचा क्रम माणसांना तोंडपाठ आहे. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर. कोल्हापुरात सुतारवाडा आधी, मग जयंती नाल्याच्या फुगवट्याने पुढच्या वस्त्या. नकाशावर रेषा उमटण्याच्या कितीतरी आधी ही पूररेषा लोकांच्या बोलण्यात होती.

२०१९ नंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. मे २०२० मध्ये तिने अहवाल दिला. महापुराचे मूळ कारण अतिवृष्टी हे तिने स्पष्ट केले, पण त्याचबरोबर पात्रातली आणि पूरमैदानातली अतिक्रमणे, आक्रसलेली नदी आणि पाण्याच्या वाटेतले अडथळे यांवरही बोट ठेवले. त्या काळात सार्वजनिक चर्चा अलमट्टी धरणाच्या फुगवट्याभोवतीच फिरत होती. शेजारच्या राज्यातले धरण दोषी असेल तर आपल्याला फक्त पत्रव्यवहार करायचा असतो. आपल्याच शहरातला भराव दोषी असेल तर तो काढावा लागतो. दुसरे काम कठीण, म्हणून त्याची चर्चा कमी.

याच मुलखात पाण्याशी जुळवून घेऊन बांधण्याचे एक जुने उदाहरण आहे. शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे आणि दत्तमंदिर अगदी घाटावर, पुराच्या तोंडी उभे आहे. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा म्हणून साजरा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नानाला येतात. स्थापत्य म्हणून पाहिले तर यात मोठी जाण आहे. पाण्याला आत येण्याची वाट आहे, बाहेर जाण्याची वाट आहे, जे भिजून बिघडेल ते वेळेत हलवण्याची रीत ठरलेली आहे आणि जे जागेवर राहते ते दगडाचे आहे. पाणी ओसरले की गाळ काढायचा, धुवायचे आणि पूजा पुन्हा सुरू.

त्याच तालुक्यातल्या गावांत पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरे मात्र महापुरात टिकत नाहीत. पाणी चार-पाच दिवस साचून राहिले की भिंत पायापासून भिजते आणि पाणी उतरताना, पाठीमागचा आधार गेला की, ती खाली बसते. माणसे सुखरूप बाहेर पडली तरी परतताना घर नसते. मातीचे घर उन्हाळ्यात थंड, कमी खर्चाचे, पर्यावरणाला सोसणारे. पण ते पूररेषेबाहेर. पूररेषेत दगडी किंवा काँक्रीटचे जोते आणि त्यावर पाणी न शोषणारी भिंत लागते. कोणते साहित्य पर्यावरणपूरक, याचे उत्तर जागा पाहिल्याशिवाय देता येत नाही.

प्रतिबंधित पट्ट्यात बांधायची वेळ आलीच, तर कसे बांधावे याची उत्तरे अवघड नाहीत. पहिली गोष्ट, उंची खांबांवर घ्यावी, भरावावर नव्हे. नियम उंचीचा आकडा सांगतो. पण ती उंची खांबांवर गाठली की पाणी खालून निघून जाते आणि मुरूम टाकून गाठली की तेच पाणी शेजारच्या घरात जाते. नदीच्या दृष्टीने दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खांबांमधली जागा पुढे दुकाने किंवा खोल्या काढून बंद केली तर पहिल्या उपायावरही पाणी पडते आणि हे सर्रास घडते. दुसरी गोष्ट, कुंपणाची भिंत. प्रवाहाला आडवी उभी असलेली विटांची भिंत बांधासारखे पाणी अडवते आणि फुटली की एकदम सोडते. तिथे जाळी किंवा तारेचे कुंपण पुरते. विजेचे मीटर, पाण्याचे पंप, जनित्र यांची जागा पहिल्या मजल्यावर हवी. मैलाटाकी पुरात उलटी भरते आणि तिची घाण सगळ्या वस्तीत पसरते, म्हणून पूरक्षेत्रात ती टाळून गटारजोडणी घ्यावी. अंगणात सरसकट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक न टाकता माती उघडी ठेवली, तर निदान पहिल्या पावसाचे पाणी जागच्या जागी मुरते. जुन्या कोकणी घरात उंच जोते आणि वर माळा असे. सामान चढवायला जागा असली की माणसे वेळेत बाहेर पडतात.

पुण्याचा अनुभव वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासलाही गेले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती नदीपासून दूर उभ्या राहिल्या. शहराने नदीपासून दोन पावले मागे सरकून दाखवले होते. पुढच्या पिढ्यांत तीच नदी वर्षातले दहा महिने ओढ्याएवढी दिसू लागली, कारण पाणी धरणात अडले. कोरडे पात्र ही रिकामी जागा वाटू लागली. राडारोडा टाकायला ती सोयीची, रस्ता काढायला सोयीची, मांडव घालायला सोयीची. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले, वर शहरातल्या पावसाची भर पडली आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे तळमजले बुडाले, माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले. धरणातला विसर्ग निळ्या रेषेच्या ६० हजारांपेक्षा बराच कमी होता. रेषा ज्या पात्रावर आखली ते पात्र नंतर अरुंद आणि उथळ होत गेले, तर रेषेचा आकडा कागदावर बरोबर राहतो आणि जमिनीवर चुकतो. पूररेषा सांभाळणे म्हणजे म्हणूनच पात्रही सांभाळणे.

रेषा ओलांडल्यावर काय होऊ शकते ते पिंपरी-चिंचवडमध्ये दिसले. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये महापालिकेने पाडले. आदेशाविरुद्धची दाद सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य होता आणि नदीच्या दृष्टीनेही. पण ज्यांनी आयुष्याची कमाई घालून घरे बांधली त्यांच्यासाठी तो कडेलोट होता. नियंत्रण जितके उशिरा येते तितके ते क्रूर होते. पहिल्या ट्रकचा मुरूम पडला तेव्हा थांबवले असते तर एक ट्रक मागे फिरला असता. प्लॉट विकताना दाखवल्या जाणाऱ्या सातबाऱ्यावर पूररेषा नसते. ती विकास आराखड्याच्या नकाशात असते. खरेदीदाराने महापालिकेकडून किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि आराखड्याचा नकाशा काढून पाहिला पाहिजे, शंका राहिली तर जलसंपदा विभागाकडे लेखी विचारणा केली पाहिजे. त्याहून बरे म्हणजे प्रत्यक्ष जागेवर दर काही अंतरावर निळे-लाल खांब उभे करणे. खांब सगळ्यांना दिसतो, नकाशा काढून पाहणारा विरळा.

चिपळूणचा पेच आणखी गुंतागुंतीचा. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी वसलेले हे जुने बंदराचे आणि बाजाराचे गाव. कोयनेच्या वीजगृहांतले पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते, खाली खाडीची भरती पाणी तुंबवते आणि वर सह्याद्रीचा पाऊस असतो. २२ जुलै २०२१ रोजी तिन्हींची गाठ पडली आणि बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागले. त्यानंतर पूररेषा समोर आल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत निघाला. नागरिक रस्त्यावर उतरले, कारण रेषेच्या आत म्हणजे दुरुस्ती, पुनर्बांधणी, कर्ज सगळेच अवघड. त्यांनी आधी वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी धरली आणि ते काम सुरूही झाले. लोकांचे म्हणणे डावलण्यासारखे नाही. जिथे शेकडो वर्षांची वस्ती आहे तिथे नव्या प्लॉटला लावायचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. अशा गावठाणांसाठी हळूहळू उंचावत जाणारा पुनर्विकास, तळमजला निवासासाठी न वापरण्याची अट, सुरक्षित जागी गोदामे आणि पुराची वेळेत सूचना असा वेगळा आराखडा लागतो. मात्र गाळ काढला म्हणजे रेषा पुसली असे मानणे धोक्याचे. डोंगरावरची झाडी आणि माती सुटत राहिली तर गाळ पुन्हा येतो.

रेषा एकदा आखून भागत नाही, याला आणखी एक कारण आहे. शंभर वर्षांतल्या पुराचा अंदाज जुन्या पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदींवर बांधला जातो. थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढला आणि वरच्या बाजूचे रान जाऊन तिथे छपरे व डांबर आले, तर तोच पाऊस जास्त पाणी घेऊन लवकर नदीत उतरतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरावांनी आणि वळवलेल्या वाटांनी आखडलेल्या मिठी नदीला तो पेलला नाही. अशी प्रत्येक मोठी घटना हिशेबात धरून रेषा नव्याने तपासाव्या लागतात. तपासणीत रेषा नदीपासून दूर सरकली की मालमत्तेचा भाव पडतो, त्यामुळे सर्वेक्षणावर दबाव येतो. हा दबाव हटवायचा असेल तर छेद, पातळ्या आणि विसर्गाचे आकडे सर्वांसाठी खुले असले पाहिजेत, म्हणजे एखाद्या ठिकाणी रेषा अचानक का वळली हे कोणालाही विचारता येईल.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते ओढे आणि नाले. पूररेषांचे काम मुख्यतः नद्यांवर झाले. शहरातल्या लहान प्रवाहांचा पूर काही तासांत येतो आणि जातो, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला पडलेल्या पावसाने पुण्यातला आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीच्या परिसरात भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि वीसहून अधिक माणसे दगावली. मुठेला त्या रात्री महापूर नव्हता. आंबिल ओढ्यासारखे प्रवाह जुन्या गावनकाशांत स्पष्ट दाखवलेले असतात. नंतरच्या रेखांकनांत त्यांची वळणे सरळ होतात, रुंदी घटते, कुठे ते स्लॅबखाली जातात आणि कुठे नकाशातून नाहीसेच होतात. त्यांच्यासाठीही विसर्गाचा हिशेब करून हद्द ठरवणे, जुन्या नकाशाशी आजची रुंदी ताडून पाहणे, दोन्ही बाजूंचा पट्टा मोकळा ठेवणे आणि त्यावरचे पूल व मोऱ्या मोठ्या पुराचे पाणी जाईल एवढ्या उंच-रुंद करणे ही कामे महापालिकांच्या आवाक्यातली आहेत. त्यांना धरणासारखा पैसा लागत नाही. पावसाळ्याआधी झालेली मोजणी आणि परवाना नाकारण्याची तयारी लागते.